इलेक्ट्रिक रोड बाइक घेताना: बॅटरी किती चढ चढवेल, याचा हिशेब

इलेक्ट्रिक रोड बाइकच्या माहितीपत्रकात सगळ्यात ठळक छापलेला आकडा रेंजचा असतो. शंभर किलोमीटर, एकशे चाळीस किलोमीटर, कधी त्याहून जास्त. आणि गंमत म्हणजे निर्णय घेताना सगळ्यात कमी कामाला येणारा आकडाही तोच.

मी बोलतोय ती वाकड्या हँडलची, बारीक टायरची सायकल. पायडल मारलं तरच मोटर साथ देते, पाय थांबले की मोटरही थांबते. युरोपातल्या नियमानुसार अशा सायकलच्या मोटरची सातत्याने देता येणारी ताकद २५० वॅटपर्यंत आणि मदतीची वेगमर्यादा ताशी २५ किलोमीटर. अमेरिकेत बऱ्याच राज्यांत ही मर्यादा वर्गानुसार ताशी २० किंवा २८ मैल, म्हणजे साधारण ३२ किंवा ४५ किलोमीटर असते. मर्यादेच्या वर गेलात की मोटर गप्प. आता विचार करा, रोड बाइक चालवणारा माणूस सपाट रस्त्यावर २८-३० च्या वेगाने सहज जातो. म्हणजे २५ च्या मर्यादेची सायकल असेल तर सपाटीवर बॅटरी जवळजवळ वापरलीच जात नाही. तीच सायकल सपाटीवर दोनशे किलोमीटर नेऊन आणली तरी बॅटरी शिल्लक राहील, आणि घाटात चाळीस किलोमीटरांत झोपेल. दोन्ही खरंच. म्हणून किलोमीटर विसरा. बॅटरी किती मीटर चढ चढवेल, हे विचारा. पुढचा सगळा लेख याच प्रश्नाभोवती आहे.

आधी स्वतःची राइड कागदावर मांडा

दुकानात जाण्याआधीचं हे काम. गेल्या दोन-तीन महिन्यांतल्या राइड काढा. फोनमधल्या अॅपमध्ये किंवा सायकल कॉम्प्युटरमध्ये नोंद असतेच. त्यातून चार गोष्टी लिहा: नेहमीच्या राइडचं अंतर, त्यातली एकूण चढाई, सगळ्यात लांब सलग चढ, आणि सपाटीवरचा तुमचा खरा वेग. सरासरी वेग नव्हे. सिग्नल नाही, चढ नाही, अशा रस्त्यावर काटा जिथे स्थिरावतो तो वेग.

मग पाचवी ओळ: मोटर तुम्हाला नेमकी कशासाठी हवी आहे? दुखऱ्या गुडघ्यासाठी, आपल्यापेक्षा तगड्या मित्रांच्या गटात टिकण्यासाठी, की रोज घाम न येता ऑफिसला पोचण्यासाठी? ऑफिस हेच उत्तर असेल तर खरं सांगू का, रोड बाइकऐवजी मडगार्ड आणि कॅरिअर असलेली साधी इलेक्ट्रिक सायकल जास्त बरी. इलेक्ट्रिक रोड बाइकची मोटर मुळातच हलकी आणि सौम्य असते. ती तुम्हाला ओढून नेत नाही, चढावर पाठीवर हात ठेवते इतकंच.

बॅटरीचा हिशेब

बॅटरीची क्षमता वॅट-तासांत पाहा. नुसते अँपिअर-तास लिहिले असतील तर त्यांना व्होल्टने गुणा: ३६ व्होल्ट आणि ७ अँपिअर-तास म्हणजे २५२ वॅट-तास. व्होल्ट न देता नुसते अँपिअर-तास सांगणाऱ्याला पुन्हा विचारा, कारण तेवढ्यावरून काहीच कळत नाही.

आता चढ. तुम्ही ७५ किलोचे, सायकल १३ किलोची, पाणी-कपडे-हत्यारं मिळून २ किलो; एकूण ९० किलो. हे वजन १०० मीटर उंच न्यायला निव्वळ गुरुत्वाकर्षणाविरुद्ध साडेचोवीस वॅट-तास लागतात. सहा टक्क्यांच्या चढावर (शंभर मीटर पुढे गेलं की सहा मीटर वर) ताशी १२ किलोमीटरने जाताना टायरचं घर्षण आणि हवेचा अडथळा धरला तर साडेसत्तावीसच्या आसपास. त्यातलं निम्मं काम तुमच्या पायांनी केलं, तर मोटरच्या वाट्याला जवळपास १४. मोटर बॅटरीतली सगळी वीज चाकापर्यंत पोचवत नाही. पाऊण हिस्सा पोचतो असं धरा. म्हणजे बॅटरीतून १८ ते १९ वॅट-तास गेले.

लक्षात ठेवायला सोपं म्हणून २० धरा. एकूण वजन ९० किलो आणि निम्मी मदत असेल तर दर १०० मीटर चढाईला २० वॅट-तास. वजन जास्त असेल तर त्या प्रमाणात वाढवा. मोटरकडून तिसरा हिस्साच मदत घेणार असाल तर १३ धरा.

या एका आकड्यावर माहितीपत्रकं भराभर उलगडतात. २५० वॅट-तासांची बॅटरी साडेबाराशे मीटर चढवेल. ३६० ची अठराशे. ४३० ची एकवीसशेच्या आसपास. पण हे नव्या बॅटरीचं झालं. लिथियम बॅटरी वापराने थकते; साधारण ५०० पूर्ण चार्जनंतर मूळ क्षमतेच्या ७० ते ८० टक्के उरते असं धरून चालावं. (अर्धी संपवून पुन्हा भरली तर तो अर्धाच चार्ज मोजला जातो.) थंडीत क्षमता आणखी घसरते. म्हणून आजचा हिशेब करताना छापील क्षमतेचे ८० टक्केच धरा. २५० चे झाले २०० आणि साडेबाराशे मीटरचे झाले हजार.

एक उदाहरण घेऊ. रविवारची राइड ८० किलोमीटर आणि १२०० मीटर चढाईची. लागणार २४० वॅट-तास. २५० वाली बॅटरी पहिल्या वर्षी काठावर पुरेल आणि तिसऱ्या वर्षी शेवटच्या चढाच्या मध्यावर सोडून देईल. माझ्या ओळखीतल्या एकाच्या बाबतीत अगदी हेच झालं. शेवटचे दोनशे मीटर उरलेले, दिवा लाल झाला, आणि त्याच्या हातात चौदा किलोची सायकल. तो वर पोचला, पण त्या दिवशी त्याने ‘माहितीपत्रकात तर १०० लिहिलंय’ हे वाक्य किमान सहा वेळा म्हटलं. चूक माहितीपत्रकाची नव्हती. बहुधा हलका माणूस, किंचित मदत, सपाट रस्ता असं धरूनच तो आकडा काढला होता.

अशा राइडला दोन मार्ग आहेत. एक, मोठी बॅटरी. दुसरा, रेंज एक्स्टेंडर: बाटलीच्या स्टँडमध्ये बसणारी जादा बॅटरी. टीक्यू कंपनीच्या एचपीआर ५० आणि स्पेशलाइज्ड कंपनीच्या एसएल मोटरसाठी ती १६० वॅट-तासांची मिळते, माले कंपनीच्या एक्स ३५ मोटरसाठी २०८ ची. मला वैयक्तिकरीत्या दुसरा मार्ग पटतो. रोजच्या छोट्या राइडला हलकी सायकल, मोठ्या दिवशी बाटली लावली की आठशे ते हजार मीटरांची भर. फक्त पाण्याची एक बाटली कमी होते, आणि उन्हाळ्यात हे क्षुल्लक नाही. एक्स्टेंडर नंतर घ्यायचा असेल तर फ्रेमवर त्याची जोडणी आहे का ते आजच पाहा. नंतर बसवता येत नाही.

वजनाची भीती कुठे खरी, कुठे खोटी

स्पर्धेच्या साध्या सायकलींना आंतरराष्ट्रीय सायकलिंग संघटनेची किमान मर्यादा ६.८ किलोची आहे. इलेक्ट्रिक रोड बाइक बहुतेक ११ ते १५ किलोंत येतात. हा फरक ऐकून लोक दचकतात.

सपाटीवर दचकायचं कारण नाही. ताशी ३० ने जाताना ४ किलो जादा वजनासाठी दीड-दोन वॅट लागतात, कळतही नाहीत. तिथली खरी लढाई हवेशी असते. ताशी २५ ला हवा आणि टायर मिळून शंभरेक वॅट मागतात, ३५ ला सव्वादोनशे. मोटर नसताना ३५ चा वेग तुमच्या पायांत नसेल, तर २५ च्या मर्यादेची इलेक्ट्रिक सायकल तो देणार नाही. वेगवान गटात सपाटीवर टिकायला मोटर घेणाऱ्यांचा हमखास भ्रमनिरास होतो, तो इथे.

चढावर मात्र, आठ टक्क्यांच्या चढाला ताशी १२ ने, तेच ४ किलो दहा वॅट खातात. मोटर चालू असताना ती हे दहा वॅट हसत भरून काढते. बंद पडली की ते तुमचे. म्हणून मोटर बंद असताना सायकल कशी चालते, हे चालू असतानाच्या इतकंच महत्त्वाचं. काही मोटर मर्यादेच्या वर गेल्यावर चाकापासून किंवा क्रँकपासून (पायडलच्या दांड्यापासून) पूर्ण सुटतात; काहींत गिअर फिरत राहतात आणि चिकटल्यासारखं वाटतं. हे कोणत्याच तक्त्यात लिहिलेलं नसतं.

मोटर: न्यूटन-मीटरचा घोळ

दोन जाती. हब मोटर मागच्या चाकाच्या मध्यात बसते, मिड-ड्राइव्ह मोटर पायडलच्या अक्षाभोवती.

दोघांचा टॉर्क, म्हणजे न्यूटन-मीटरमध्ये मोजला जाणारा फिरवण्याचा जोर, शेजारी-शेजारी ठेवून तुलना करू नका. मिड-ड्राइव्हचा टॉर्क क्रँकवर मोजलेला असतो आणि तो तुमच्या गिअरमधून चाकापर्यंत जातो. पुढची चकती ३४ दाती, मागची १७ दाती असेल तर चाकावर निम्माच उरतो. हबचा टॉर्क थेट चाकावर. मालेची एक्स २० मोटर हबवर २३ न्यूटन-मीटर देते आणि कंपनी ते मिड-ड्राइव्हच्या ५५ च्या बरोबरीचं सांगते. हे खोटं नाही, पण अटीवर खरं आहे: साधारण एकास सव्वादोन-अडीचच्या गिअरमध्ये, म्हणजे पायडलच्या एका फेरीत चाकाच्या तेवढ्या फेऱ्या होतात तेव्हाच. खड्या चढावर तुम्ही ३४ ला ३४ लावलेत की मिड-ड्राइव्हचे ५५ पुरेपूर चाकावर उतरतात, हबचे मात्र २३ चे २३.

वॅटमध्ये पाहिलं तर आणखी स्पष्ट होतं. २३ न्यूटन-मीटर टॉर्क ताशी १२ किलोमीटरला सव्वादोनशे वॅटच्या आसपास ताकद देऊ शकतो, पण ताशी ६ ला ११५ पेक्षा जास्त नाही. म्हणजे चढ जितका खडा आणि तुम्ही जितके मंद, तितकी हब मोटर दुबळी. आणि नेमकी तेव्हाच ती जास्त तापते.

माझं मत असं: तुमचे चढ चार ते सात टक्क्यांचे आणि लांबलचक असतील तर हब मोटर उत्तम. हलकी, शांत, सायकल साध्या सायकलसारखीच दिसते, चेनवर जादा ताण नाही. दहा टक्क्यांच्या वरचे चढ नेहमीचे असतील, किंवा एकूण वजन शंभर किलोच्या पुढे असेल, तर मिड-ड्राइव्ह घ्या. हलक्या मिड-ड्राइव्हमध्ये टीक्यू एचपीआर ५० ही ५० न्यूटन-मीटरची, मोटरचं वजन १.८५ किलो. फाझुआ कंपनीची राइड ६० ही ६० न्यूटन-मीटरची, ४३० वॅट-तासांच्या बॅटरीसोबत. डोंगरी सायकलींत दिसणारी बॉशची ८५ न्यूटन-मीटरवाली परफॉर्मन्स लाइन सीएक्स रोड बाइकला गरजेपेक्षा जास्त आहे. ती जितकी ताकद देते तितकी बॅटरी मागते, आणि मग सायकलचं वजन वाढत जातं.

‘२५० वॅट’ हा आकडा तुलनेसाठी निरुपयोगी आहे. नियमापुरता तो सगळ्यांवर छापलेला असतो. क्षणिक कमाल ताकद पाहा: टीक्यूची ३००, त्या बॉशची ६००, दोघींवर शिक्का २५० चाच.

सेन्सर टॉर्कचा हवा, यावर तडजोड नको. नुसते पाय फिरतायत का एवढंच पाहणारा सेन्सर स्वस्त असतो. त्यात मोटर बटण दाबल्यासारखी चालू-बंद होते. बारीक टायरवर, वळणात, ते धोक्याचं आहे.

मागच्या चाकाचं पंक्चर हा हब मोटरवाल्यांचा नाजूक विषय. काही मॉडेलमध्ये चाक काढायला मोटरच्या तारेचं कनेक्टर सोडवावं लागतं आणि अक्षावर नट असतात, त्यांना पाना लागतो. पाना नेहमी जवळ ठेवावा लागेल. विक्रेत्यासमोर एकदा स्वतःच्या हाताने चाक काढून परत बसवून पाहा. त्याला वेळ नसेल तर थांबा; घाई त्याला आहे, तुम्हाला नाही.

गिअर, ब्रेक, टायर

यावर थोडक्यात. बॅटरी संपल्यावरही घरी येता यायला हवं, म्हणून सगळ्यात हलका गिअर एकास एक किंवा त्याहून हलका असू द्या: पुढे ३४, मागे ३४ किंवा जास्त. त्या गिअरमध्ये मिनिटाला ६० फेऱ्या मारल्या तर वेग साडेसातच्या आसपास येतो, पडायची वेळ येत नाही. हायड्रॉलिक डिस्क ब्रेक घ्या. चौदा किलोची सायकल आणि तुम्ही असे उतारावर येता तेव्हा तारेच्या ब्रेकने बोटं दुखतात. टायर ३२ मिलिमीटरपर्यंत तरी मावावेत. आणि कमाल वजनाची मर्यादा वाचा, तीत बहुधा सायकलचं वजनही धरलेलं असतं.

बॅटरी बाहेर निघते का?

बऱ्याच हलक्या सायकलींत बॅटरी फ्रेमच्या खालच्या नळीत बंद असते. दिसायला सुंदर, पण चार्ज करायला अख्खी सायकल प्लगपाशी न्यावी लागते. तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्याने आणि सायकल खाली ठेवणाऱ्याने हे आधीच ठरवावं. फाझुआच्या जुन्या इव्हेशन प्रणालीत मोटर आणि बॅटरी एकत्र उपसून काढता यायची, सुमारे सव्वातीन किलो वजन कमी व्हायचं आणि उरायची साधी सायकल. कल्पना मला आजही आवडते.

विमानाने सायकल नेणाऱ्यांसाठी आणखी एक अडचण आहे. प्रवासी विमानात साधारणपणे १०० वॅट-तासांपर्यंतची लिथियम बॅटरी चालते, १६० पर्यंतची विमान कंपनीच्या परवानगीने. सायकलची मुख्य बॅटरी त्याच्या कितीतरी पुढे. न निघणारी बॅटरी म्हणजे सायकल घरीच राहिली.

चार्जिंगला फारसा वेळ लागत नाही. ३६ व्होल्टची बॅटरी ४२ व्होल्टपर्यंत भरते. २ अँपिअरचा चार्जर ८४ वॅट देतो, म्हणजे २५० वॅट-तास तीन-साडेतीन तासांत. महिनाभर सायकल वापरणार नसाल तर बॅटरी अर्धी भरून थंड, कोरड्या जागी ठेवा. पूर्ण भरून किंवा पूर्ण रिकामी ठेवली तर ती लवकर म्हातारी होते.

किंमत कशाची देताय, ते वेगळं काढा

बऱ्याच कंपन्या इलेक्ट्रिक मॉडेलची बिनमोटरची जुळी बहीणही विकतात. तीच फ्रेमची जात, तोच ग्रुपसेट (गिअर-ब्रेकचा संच), तशीच चाकं. दोघींच्या किमतींतला फरक म्हणजे मोटर, बॅटरी आणि वायरिंगची किंमत. हा फरक तीन-चार कंपन्यांचा काढा आणि प्रत्येकाला बॅटरीच्या वॅट-तासांनी भागा. कोण मोटरचे पैसे घेतंय आणि कोण नावाचे, ते पाच मिनिटांत कळतं.

मग एकाच मालिकेतली स्वस्त आणि महाग मॉडेलं समोर ठेवा. बहुतेक वेळा मोटर आणि बॅटरी दोन्हींत तीच निघते. वरच्या मॉडेलमध्ये पैसे जातात कार्बनच्या वरच्या प्रतीत, बिनतारी गिअरमध्ये, खोल रिमच्या चाकांत. त्यातून वजन समजा दीड किलो घटलं. हजार मीटर चढताना दीड किलो कमी वाहण्याची बचत किती? ४ वॅट-तास. चार. तेवढ्याच पैशात, किंवा त्याहून कमी पैशात, १६० चा एक्स्टेंडर येत असेल तर कशाला प्राधान्य द्यायचं ते उघड आहे. अॅल्युमिनियमची फ्रेम, मधल्या प्रतीचा ग्रुपसेट, आणि वाचलेल्या पैशात उत्तम टायर व एक्स्टेंडर, अशी माझी शिफारस. बिनतारी गिअर बदलतानाचा आवाज फार गोड असतो, हे मान्य.

पुढचा खर्च दुकानातच लिहून घ्या: बदली बॅटरीची आजची किंमत, वॉरंटी किती वर्षांची आणि क्षमता कितीपर्यंत घसरली तर बदलून मिळते, मोटर बिघडली तर दुरुस्त होते की अख्खी बदलतात, आणि सायकल त्या काळात कुठे पाठवावी लागते. मग हा हिशेब मांडा: खरेदीची किंमत, अधिक एक बदली बॅटरी, अधिक चेन आणि कॅसेट (मागच्या दातेरी चकत्यांचा संच), वजा विकताना मिळतील ते पैसे, भागिले वापराची वर्षं. मिड-ड्राइव्ह असेल तर चेनचा खर्च जास्त धरा, कारण मोटरचा जोरही तिच्यावरूनच जातो. चेन मापण्याचं साधं हत्यार ठेवा आणि अर्धा टक्का ताणली की बदला. उशीर केलात तर कॅसेटही घेऊन जाते.

जुनी सायकल घेत असाल तर किलोमीटर पाहून भुलू नका. बहुतेक प्रणालींच्या अॅपमध्ये किंवा सर्व्हिस सेंटरच्या कॉम्प्युटरवर बॅटरीचे एकूण चार्ज आणि शिल्लक क्षमता दिसते. ती विक्रेत्यासमोर काढा. ज्या मोटरचं उत्पादन थांबलंय तिची बदली बॅटरी मिळते का, याचं उत्तर तोंडी घेऊ नका.

चाचणी

दुकानासमोरच्या सपाट गल्लीत दोन चकरा मारून काहीच कळत नाही. चढ मागा. पहिल्यांदा सगळ्यात कमी मदतीवर चढा, मग सगळ्यात जास्त, आणि तिसऱ्यांदा मोटर बंद करून. मग सपाटीवर येऊन वेग मर्यादेच्या अलीकडे-पलीकडे दोन-तीनदा नेऊन आणा, आणि मोटर सुटते तेव्हा पायांना झटका बसतो का ते पाहा. चांगल्या प्रणालीत ती कधी सुटली ते पडद्यावर पाहावं लागतं. तिसऱ्या फेरीत, मोटर बंद असताना, अर्ध्या चढावर उतरून सायकल परत करावीशी वाटली, तर ती त्याच वेळी परत करा.